आईची पहिली भाषा

नवरात्र सरलं की मांडवगणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेवंती फुलायला लागते. आधी हिरव्या कळ्यांवर नुसता पिवळा ठिपका दिसतो, आणि मग बघता बघता सगळा पट्टा उजळून निघतो. उन्हं वर यायच्या आत बाया तोडणीला उतरतात. त्यांच्या ओच्यांत, पाट्यांत, बांधावर अंथरलेल्या गोणपाटावर फुलंच फुलं. शेवंतीचा वास गोड नसतो. किंचित कडवट, औषधी, हाताला चिकटून राहणारा असतो. लोकांना त्या वासानं दिवाळी आठवते. मला माझी आई आठवते, आणि तिची भाषा आठवते. त्या भाषेतले मोजकेच शब्द मी शिकले. पुढे ते कुणाशी बोलायची वेळ आली नाही.

बासष्ट सालची गोष्ट. आम्ही तेव्हा दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मूळचे आम्ही शिरूरचे, मिशनच्या आवारात वाढलेले ख्रिस्ती. तरुणपणी बाबा नोकरीसाठी रंगूनला गेले, तिथल्या एका इस्पितळात लागले, आणि तिथंच मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका मुलीशी त्यांनी लग्न केलं. आश्रमानं तिचं नाव एस्तर ठेवलं होतं. ती माझी आई. तिचा चेहरा पाहिला की कुणालाही कळे की ही चिनी आहे, पण आमच्या घरात तो शब्द कधी उच्चारला गेला नाही. बाबा म्हणत, “रंगूनची.” शिरूरच्या बायका म्हणत, “बर्मावाली.” जपान्यांची लढाई रंगूनपर्यंत आली तेव्हा मिळेल त्या जहाजानं आईबाबा मद्रासला उतरले आणि तिथून रेल्वेनं दौंडला आले. मी तेव्हा तीन वर्षांची, आईच्या कडेवर. त्यातलं मला काही आठवत नाही. बाबा सांगत की दौंडच्या फलाटावर पाय ठेवल्याबरोबर आईनं त्यांना हिंदुस्थानीत विचारलं होतं, “इथं नदी आहे का?” रंगूनला ते दोघं हिंदुस्थानीतच बोलत. दुसरी सामाईक भाषा त्यांच्याकडे नव्हती.

नदी होती. आणि मराठी आई नदीवरच शिकली. बाबांना दौंडची नोकरी लागेपर्यंत आम्ही शिरूरला होतो, तेव्हा घोडनदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी तिला बोलायला शिकवलं. त्यामुळं बाबांची मराठी मिशनच्या शाळेतली, नीटनेटकी, आणि आईची अस्सल नदीकाठची. बाबा म्हणायचे, “आज उशीर होईल हं.” ती म्हणायची, “व्हऊ द्या की. भाकर झाकून ठिवते.” दौंडच्या बाजारात नवा भाजीवाला तिचं तोंड बघून हिंदीत भाव सांगायला लागला की ती पाटीतला कांदा उचलून नाकाला लावायची आणि म्हणायची, “आरं, शिरूरची हाय मी. ह्यो कांदा कवाचा हाय त्ये मला नगं सांगू.” आजूबाजूची माणसं हसायची, भाजीवाला खाली बघायचा, आणि ती माझा हात धरून ऐटीत पुढं निघायची.

त्या वर्षी मे महिन्यात, भाकरी थापता थापता ती चुलीपुढं कलंडली. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काही दिवस तिच्या घशातून नुसता आवाज यायचा. मग एका सकाळी ती बोलू लागली. मी चहा गाळत होते, तशीच गाळणं हातात घेऊन धावले. ती छताकडं बघत सलग, भराभर बोलत होती, चढउतार करत, मध्येच काहीतरी विचारल्यासारखं थांबत. त्यातला एकही शब्द आमचा नव्हता.

दवाखान्याचे डॉक्टर येऊन बसले, बराच वेळ ऐकत राहिले. मग बाबांना म्हणाले, “कधीकधी असं होतं, कंपाउंडर. नंतर शिकलेलं पुसलं जातं आणि लहानपणचं तेवढं राहतं. परत येईल किंवा येणारही नाही. मी काय सांगू?”

बाबा खाटेजवळ गेले, वाकून म्हणाले, “एस्तर, पाणी देऊ का?” आईनं त्यांच्याकडं पाहिलं. गाडीच्या डब्यात एखादा परका पुरुष फार जवळ येऊन बसला की बाई जशी त्याच्याकडं बघते आणि लुगडं सावरून घेते, तसं पाहिलं. बाबांनी मग हिंदुस्थानीत विचारून पाहिलं. तिनं मान भिंतीकडं वळवली.

पंचवीस वर्षांचा संसार. आधी एक भाषा, मग दुसरी. त्या दोन भाषांतच त्यांची भांडणं, त्यांचा हिशेब, माझं बारसं, जहाजातली भीती, सगळं काही झालेलं. तिच्या पहिल्या भाषेची बाबांना कधी गरज पडली नव्हती. “ती बोलायचीच नाही ना गं कधी,” ते मला म्हणाले. “बोलायला कोण होतं तिला? आणि मीही कधी विचारलं नाही.”

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात आलं की पुणे विद्यापीठात चिनी भाषेचा प्रारंभिक वर्ग आहे, कुणालाही बसता येईल. मी दौंडच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, शाळा सकाळची. बातमी बाबांनीच दाखवली. पेपर माझ्यापुढं सरकवून ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जा. शिकून ये. तिला कुठं दुखतंय तेवढं तरी विचारता येईल.”

जूनमध्ये मी जायला लागले. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटली की पॅसेंजर पकडायची. पाटस, केडगाव, यवत, उरुळी. शेजारच्या सोनवणेबाई त्या वेळात आईजवळ बसत. पुणे स्टेशनावरून बसनं विद्यापीठ. तिथं एका लांबट खोलीत आम्ही दहाबारा जण. आमचे सर मराठीच, मध्यम वयाचे, कृश, पेकिंगला काही वर्षं राहून आलेले. ते फार हळू बोलत आणि फळ्यावर अक्षर काढताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरत. पहिल्या दिवशी त्यांनी ‘मा’ हा एकच शब्द चार तऱ्हांनी म्हणून दाखवला. सपाट म्हटला तर आई, चढवत नेला तर ताग, खाली नेऊन वर आणला तर घोडा, तोडून म्हटला तर शिवी देणं. आम्ही सगळे मोठ्यानं म्हणायला लागलो तेव्हा बाहेरून जाणारा शिपाई थांबून बघत राहिला.

परतीच्या गाडीत मी तेच पुटपुटत बसे. मा, मा, मा, मा. समोरच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत होती. केडगाव आल्यावर उतरता उतरता तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “पोरी, आय गेली व्हय तुझी?” मी म्हटलं, “नाही, घरी आहे.” “मंग रडू नगं,” ती म्हणाली. मी रडत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

थोडं शिकून झाल्यावर मी आईच्या उशाशी बसले आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे, सूर सांभाळून विचारलं, ‘तू बरी आहेस ना?’ बाबा दारात उभे होते. आईनं कान दिला, डोळे बारीक केले, आणि काहीच न कळल्यासारखी पुन्हा आपलं बोलायला लागली. मी दुसरं वाक्य म्हटलं, तिसरं म्हटलं. काही नाही. बाबा दारातून निघून गेले.

पुढच्या वर्गाला मी सरांना थांबवलं. आई बोलते त्यातले जेवढे तुकडे कानात राहिले होते तेवढे म्हणून दाखवले. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

“पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटले.

“ही दक्षिणेकडची बोली असावी,” ते म्हणाले. “मी तुम्हाला शिकवतो ती उत्तरेची. बाई, मलाही ती येत नाही. आपल्याकडं कानडी आणि मराठी असावी, तेवढं अंतर आहे.”

माझ्या डोळ्यांपुढं पॅसेंजरचा तो सगळा रस्ता आला. सरांना ते दिसलं असावं. ते घाईनं म्हणाले, “पण ऐका. बोलायला वेगळी असली तरी अक्षरं तीच असतात. तुम्ही लिहिलेलं त्या वाचतील, त्यांच्या पद्धतीनं म्हणतील. त्या वाचायला शिकल्या आहेत का?”

मला ठाऊक नव्हतं. आई मराठी वाचत नसे. चर्चमध्ये गायनाचं पुस्तक हातात धरायची, पण पानं कधी उलटायची नाही.

शाळेतली पाटी घरी आणली. पाण्याचं अक्षर काढलं, मधोमध एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे फटकारे. पाटी आईसमोर धरली. ती बघत राहिली. तिचा डावा हात गोधडीतून हळूहळू वर आला, बोट पाटीवर टेकलं, आणि ती म्हणाली, “सोय.”

सर ज्याला ‘श्वै’ म्हणत, ते तिचं ‘सोय’. मी पळत जाऊन तांब्या आणला. ती पाणी प्यायली, थोडं हनुवटीवरून ओघळलं, आणि तिनं पुन्हा पाटीकडं बघितलं, आणखी काही आहे का म्हणून.

त्या रात्रीपासून माझ्या दोन शाळा सुरू झाल्या. सरांकडून मी अक्षर आणायची आणि आई त्याचा उच्चार सांगायची. डोंगर, माणूस, चंद्र, विस्तव. अवघड अक्षर तिला येत नसे. लहानपणी थोडंसंच कुणीतरी शिकवलं असावं. न येणाऱ्या अक्षरावर ती डाव्या हाताची मूठ ठेवून ते पुसून टाकायची. भाताचा शब्द सरांचा आणि तिचा जवळजवळ सारखा निघाला, ‘फान’. तेव्हा मला कोण आनंद झाला होता! दोन भाषांमध्ये एवढा एकच भात शिजला होता, पण तेवढ्यावर आमचं भागत होतं.

ती मला हाक मारायची ‘आ-जे’. पडल्यापासूनच मारायची. मला वाटे, माझं नाव विसरली म्हणून काहीतरी आवाज काढते. श्रावणात सरांनी नात्यांचे शब्द शिकवले. आई, वडील, भाऊ, आणि मग फळ्यावर एक अक्षर काढून त्यांनी म्हटलं, ‘ज्ये’. थोरली बहीण. मी वहीतलं बोट तसंच ठेवून विचारलं, “सर, कुणी ‘आ-जे’ म्हणत असेल तर?”

“दक्षिणेत नात्याच्या आधी ‘आ’ लावतात,” सर म्हणाले. “थोरल्या बहिणीला म्हणत असणार. ताई.”

त्या दिवशी गाडीत मला बसायला जागा होती तरी मी दारातच उभी राहिले. घरी बाबांना विचारलं, “आईला थोरली बहीण होती?”

“छे. तिला कुणी नव्हतं. आश्रमात वाढलेली.” मग म्हणाले, “आश्रमाच्या आधीचं मला कुठं माहीत आहे?”

आई आतून हाक मारत होती. आ-जे. आ-जे. मी गेले. तिनं डाव्या हातानं माझी वेणी पुढं ओढली आणि बोटांनी तिचे पेड चाचपत पडून राहिली, अगदी लहान मुलीसारखी. ही कुठली ताई, रंगूनच्या कुठल्या गल्लीत हिचा हात तिच्या हातातून सुटला, मला कधीच कळणार नव्हतं. त्या दिवसापासून मी तिची ताई झाले. ती हट्ट करायची, मी रागवायची. ती औषध प्यायली की मी तिच्या गालाला हात लावायची.

बाबा हे सगळं लांबून बघत. एका संध्याकाळी त्यांनी मला ओसरीत गाठलं. “मलाही एखादा शब्द सांग ना,” ते म्हणाले. दवाखान्यात सबंध दिवस लोकांना डोस समजावून सांगणारा माणूस, पण हे म्हणताना त्यांची मान खाली होती. मी त्यांना ‘सोय’ शिकवला. आईचा सूर कसा चढतो ते हातानं दाखवलं. ते तांब्या घेऊन तिच्याजवळ गेले आणि अगदी गंभीरपणे, चर्चमध्ये उभं राहून वचन वाचावं तसं म्हणाले, “सोय.”

सूर साफ चुकला होता. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याची जिवंत बाजू हळूहळू हलली. ती हसत होती. आजारानंतर पहिल्यांदा. बाबांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, ती आणखी हसली. सोनवणेबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, “काय वं कंपाउंडर, कसलं हसू चाललंय?” बाबा म्हणाले, “शाळेत जातोय, बाई, शाळेत!”

श्रावण-भाद्रपदाचे ते दिवस. तेवढेच.

दसऱ्यानंतर वर्तमानपत्रांची तोंडं बदलली. सरहद्दीवर चीनशी लढाई सुरू झाली. दौंड जंक्शन, त्यामुळं सैनिकांच्या गाड्या तिथं थांबायच्या. अख्खं गाव फलाटावर लोटायचं. बायका ताटं घेऊन उभ्या, जवानांना कुंकू लावायच्या, शेवंतीचे हार डब्यांच्या खिडक्यांमधून आत जायचे. कोवळी मुलं होती ती. उन्हाळी कपड्यांवर हिमालयात निघालेली. मीही हार दिले. माझ्या काखेतल्या पिशवीत चिनी भाषेचं पहिलं पुस्तक होतं आणि त्याला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. एका मुलानं हार घेऊन हात हलवला, “येतो, ताई.” माझ्या घरात मला ताई म्हणणारी दुसरी कुणी होती, आणि ती ज्या भाषेत म्हणत होती त्या भाषेची माणसं याच्यावर बंदूक रोखून बसली होती.

सोनवणेबाईंचा मुलगा फौजेत होता. लढाई लागल्यापासून त्याची खबर नव्हती. बाई यायच्या थांबल्या. एका दुपारी भिंतीवरून त्यांचा आवाज आला, बारीक, ओढल्यासारखा.

“पोरी, तुझ्या आयला गप कर गं. माझं लेकरू तिकडं हाय. आन् हितं सकाळपासनं ह्येच ऐकायचं व्हय मी? कळतं मला, तिचा काय दोष न्हाई. पर मला न्हाई सोसत.”

ज्या बाईनं पावसाळाभर माझ्या आईला चमच्यानं पेज भरवली, तिचं हे बोलणं. तिचा तरी काय दोष होता?

त्या दिवसापासून बाबांनी खिडक्या लावून घेतल्या. ऑक्टोबरचा उकाडा, वर पत्रा, आणि आत आई घामाघूम होऊन बोलत असायची. मी तिच्या ओठांवर बोट ठेवून ‘गप’ म्हणायची खूण करायची, तर तिला वाटे हा खेळ आहे. ती जास्तच मोठ्यानं बोलायची.

मग फौजदार आले. चिनी माणसांची सगळीकडं चौकशी चालली होती, काहींना लांब कुठं नेऊन ठेवत होते, असं कानावर आलंच होतं. फौजदार वयस्क होते, चांगले होते. बाबांच्या हातचं औषध कधीतरी घेतलेले. टोपी काढून आत आले. “कंपाउंडर, वरनं हुकूम हाय. विचारावं लागतंय.” खाटेजवळ जाऊन त्यांनी आवाज दिला, “बाई, नाव काय तुमचं?”

आईनं त्यांच्याकडं पाहून तोंड उघडलं. बाबांनी पुढं होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. ओठ पुसल्यासारखा ठेवला, पण तो हात उचलला नाही. तिचे डोळे मोठे झाले.

“माझी बायको आहे,” बाबा म्हणाले. “शिरूरची आहे. तिला बोलता येत नाही.”

फौजदारांनी बाबांच्या हाताकडं पाहिलं, मग तिच्या लुळ्या पायाकडं. “बरं,” ते म्हणाले. “मी तसंच सांगतो. बोलता येत न्हाई.” दारात जाऊन ते वळले. “कंपाउंडर, हितं ठिवू नगा त्यांना. जंक्शन हाय हे. सगळेच माझ्यासारखे न्हाईत.”

ते गेल्यावर बाबांनी हात काढला. आई ओरडली नाही, रडली नाही. तिनं तोंड मिटून घेतलं. पाच महिने जो माणूस तिच्या एका शब्दासाठी तहानलेला होता, त्यानंच तिचं तोंड दाबलं होतं. बाबा अंगणात गेले आणि नळाखाली तो हात धरून उभे राहिले, पाणी सुटलेलं नसतानाही.

मांडवगण फराट्याला माझे शांतूकाका शेती करत. बाबांचे धाकटे भाऊ. बैलगाडीत गवत अंथरून ते शिरूरच्या फाट्यावर आले, आणि आम्ही दौंडहून मोटारीनं नेलेल्या आईला त्यांनी दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. “वैनी, चला घरला,” ते म्हणाले. “हितं बोला काय बोलायचं त्ये. माझ्या रानात कोन ऐकतंय? नुसती शेवंती हाय.”

पण आई बोलली नाही. काकांच्या वस्तीवर, पडवीत, शेवंतीच्या पट्ट्याकडं तोंड करून तिची खाट टाकली होती. मी पाटीवर पाणी काढलं, चंद्र काढला, डोंगर काढला. ती नुसती बघायची. मग बघायचीही बंद झाली. फौजदार जे सांगायला गेले होते, ते तिनं खरं करून दाखवलं.

मी एकदाच विद्यापीठात गेले, येता येणार नाही हे सांगायला. वर्गात दोन जण उरले होते. फळ्यावर कुणीतरी काहीबाही लिहिलेलं सरांनी ओल्या फडक्यानं पुसलं होतं, त्याचे पांढरे फराटे दिसत होते. सरांनी विचारलं, “आई पाटी वाचतात?” मी नाही म्हणून मान हलवली. ते खडूच्या पेटीचं झाकण लावत राहिले. पुढं ऐकलं की नव्या वर्षात त्या वर्गाचे बाक भरून गेले, फौजेचे अधिकारी शिकायला येऊ लागले. चांगलंच झालं. त्यांतला कुणीही ती भाषा शिकून एखाद्या आजारी बाईला पाणी देणार नव्हता, पण ते काम तरी आता कुठं उरलं होतं?

नाताळच्या आधी आई गेली. शिरूरला मिशनच्या स्मशानभूमीत तिला पुरलं. दौंडहून सोनवणेबाई आल्या होत्या. त्यांच्या मुलाचं पत्र आलं होतं, तो जिवंत होता. त्या माझ्या गळ्यात पडून एवढ्या रडल्या की लोकांना वाटलं त्याच घरच्या आहेत. बाबा पुढं बरीच वर्षं जगले, माझ्याजवळच, शिरूरला. चांगले जगले, नातवंडांना खेळवलं. पण घरात बोलताना त्यांनी आवाज कधी चढवला नाही, आणि लहान मूल कितीही बडबडलं तरी त्याला ‘गप’ म्हणू दिलं नाही. माझी सून एकदा चिडून तसं म्हणाली तर ते उठून बाहेर गेले.

आता त्या रस्त्याला शेवंतीबरोबर झेंडू असतो, ठिबकच्या नळ्या असतात, फुलं टेंपोनं रातोरात पुण्याला जातात. तोडणीच्या बाया मोबाईलवर गाणी लावून वाकलेल्या असतात. मी रस्त्यानं चालते आणि मला एक दुपार दिसते, आई जायच्या थोडी आधीची.

काकांच्या रानात कांद्याची लागण चालली होती. वाफ्यात पाणी सोडलेलं, बाया ओळीनं रोपं टोचत होत्या, चिखलाचा आणि हिरव्या कांद्याच्या पातीचा वास पडवीपर्यंत येत होता. बाबा औषध आणायला शिरूरला गेले होते. मी आईच्या पायाशी बसून काहीतरी शिवत होते. आईनं मान उचलली. रानाकडं बघितलं. आणि नदीकाठच्या, पार आपल्या मराठीत, स्पष्ट म्हणाली,

“मान्सं जेवली का गं?”

सुई माझ्या बोटात शिरली. “आई?” मी म्हटलं. “आई, बोल ना. मी आहे. आई!” तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखीचं असं, क्षणभर. मग डोळे मिटले.

बाबा उन्हातून आले. मी पायऱ्या उतरून पळत गेले आणि सांगितलं. त्यांच्या हातातली बाटली मी धरली, नाहीतर पडली असती. “मराठीत?” ते म्हणाले. “तुला नक्की… मराठीत?” मी वाक्य सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, “माझं नाव घेतलं का?”

“नाही, बाबा.”

ते पडवीत गेले. चप्पल काढली, खाटेजवळ जमिनीवर बसले, आणि तिच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. तिचे डोळे उघडे होते, पण पुन्हा तेच, परक्या माणसाकडं बघणारे. बाबांना ते दिसत होतं. तरी ते तिच्या कानाशी वाकले. जन्मभर नीटनेटकं बोललेला तो माणूस त्या दिवशी तिच्या बोलीत बोलला.

“जेवली गं,” ते म्हणाले. “समदी मान्सं जेवली. तू नगं काळजी करू.”

रानात बाया अजून वाकलेल्याच होत्या. त्यांच्या भाकरीची फडकी बांधावर तशीच बांधलेली होती, आणि बाबांनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.